देऊळघाटचे धाबे आणि नऊ फूट बर्फ

आय.एस. ८७५ या कोडचे पाच भाग आहेत. पहिला इमारतीच्या स्वतःच्या वजनाचा, दुसरा माणसे-सामानाच्या वजनाचा, तिसरा वाऱ्याचा, चौथा बर्फाचा आणि पाचवा उरलेल्या इतर गोष्टींचा. सिव्हिलच्या मुलांना विचारून बघा, चौथा भाग कोणी उघडलाय का? नाही. व्हायवात कोणी विचारत नाही आणि महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, त्यामुळे ती झेरॉक्स कोणी काढतच नाही. मी मात्र यंदा तो भाग नीट वाचला, आणि तोही आमच्या देऊळघाटच्या घरासाठी! देऊळघाट म्हणजे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या काठचे गाव. तिथे बर्फाचा काय संबंध, ते पुढे येईलच.

आधी बर्फाबद्दल थोडेसे. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ अगदी हलका असतो, एका घनमीटरला साधारण १०० किलो. पण तो आठवडाभर छतावर राहिला, दबला, थोडा वितळून पुन्हा गोठला, की हाच आकडा २०० ते ३०० वर जातो. म्हणजे एक मीटर जाडीचा दबलेला बर्फ छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २५० किलो वजन टाकतो. कोडचा चौथा भाग सांगतो की जमिनीवरच्या बर्फाचे वजन घ्या आणि त्याला छताच्या आकाराप्रमाणे एका गुणकाने गुणा. छत जितके तीव्र उताराचे, तितका हा गुणक लहान, कारण बर्फ घसरून खाली पडतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत घराचे चित्र नेहमी टोकदार लाल छताचे आणि वर धुराडे असलेले असायचे. ड्रॉइंगच्या तासाला सगळी मुले तेच घर काढायची, मीही. तसे एकही घर देऊळघाटात नाही! ते टोक शोभेचे नाही, बर्फ घसरण्यासाठी आहे, हे कोणत्याच मिसने सांगितले नव्हते.

याचे सगळ्यात सुंदर उदाहरण जपानमधल्या शिराकावा-गो भागात आहे. १९९५ मध्ये ही गावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तिथल्या घरांची गवताने शाकारलेली छते साधारण ६० अंशांत उभी असतात, नमस्काराला हात जोडावे तशी, आणि त्या शैलीचे नावही जोडलेल्या हातांवरूनच आलेले आहे. छताचा सांगाडा खिळे न वापरता दोरांनी बांधतात. ही शाकारणी साधारण ३०-४० वर्षांनी बदलावी लागते आणि ते एका घराचे काम नसते. सगळा गाव येतो, आज तुझे छत, पुढच्या वेळी माझे. या पद्धतीला तिकडे 'युइ' म्हणतात. आपल्याकडे नांगरणीला इर्जिक असायचे, तसेच.

आता उलटे उदाहरण. लडाखमध्ये थंडी भयंकर, तरी लेहमधली जुनी घरे सपाट छताची! पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या, त्यावर गवत आणि वर मातीचा थर. कारण लेह हे थंड वाळवंट आहे, पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. जो थोडा बर्फ पडतो तो फावड्याने ढकलून द्यायचा. ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री मात्र तिथे ढगफुटी झाली. चिखलाच्या लोंढ्यांत २०० वर माणसे गेली. कोरड्या हवेसाठी बांधलेली मातीची घरे अशा पावसासाठी बनलेलीच नव्हती. लेहमध्ये आता जुन्या मातीच्या छतावर पत्र्याचे उतरते छत घातलेली घरेही दिसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटी आमच्या कामाला आली.

लडाखी छताचा फोटो मी आजीला दाखवला. ती म्हणाली, "हे तं आपलंच धाबं हाये."

खरेच आहे. वऱ्हाड-मराठवाड्यातले धाबे ज्यांनी पाहिले नाही (आपल्या होस्टेलवर मुंबई-कोकणचे बरेच आहेत) त्यांच्यासाठी सांगते. खांबांवर आडवे सर, सरांवर हातभर अंतराने कड्या, कड्यांवर लाकडाच्या चपट्या फोडी म्हणजे किलचन, त्यावर तुराट्या किंवा पळसाची पाने, आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. मातीही कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणजे पहिल्याच पावसात घर गळणार. त्यामुळे गावठाणाच्या जुन्या पांढरीची माती आणतात. ती फुगत नाही आणि घट्ट बसते. वरून खारी माती टाकतात. खाऱ्या मातीत सोडियम जास्त, त्यामुळे ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली उतरत नाही. सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकात अशी माती धरणाच्या भिंतीला वाईट म्हणून येते. आमच्या गावाने तोच दुर्गुण डोक्यावर घेतला आणि कामाला लावला! (जाता जाता, 'नियम धाब्यावर बसवणे' ऐकले की मला नेहमी प्रश्न पडतो, तिथे एवढी जागा असते का? असते. उन्हाळ्यात आख्खे घर धाब्यावर झोपते.)

धाब्याचा मोठा गुण म्हणजे गारवा. मातीचा जाड थर दिवसभराचे ऊन हळूहळू पीत राहतो आणि ती ऊब आत पोचायला रात्र होते. मे महिन्यात आजीच्या माजघरात दुपारी दोनला पंख्याशिवाय झोप लागते. आपल्या होस्टेलच्या वरच्या मजल्यावर लागते का? वॉर्डन सरांनीही हे वाचावे, असे सुचवावेसे वाटते.

मग अडचण कुठे आली? दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकतात. जुनी कोणी काढत नाही. दरवर्षी एक सेंटिमीटर जरी वाढली तरी वीस वर्षांत वीस सेंटिमीटर. गेल्या पावसाळ्यात आमचे माजघर तीन ठिकाणी गळले आणि मधल्या दोन कड्यांना पोट आले. आजी आणि काका-काकू तिथेच झोपतात. परीक्षा संपल्यावर मी गावी गेले, तेव्हा मिस्त्रीचाचांनी पहारीने धाब्याला भोक पाडून जाडी मोजली. ४२ सेंटिमीटर!

आता हिशोब करू. माती १६०० किलो प्रति घनमीटर धरली तर ०.४२ ला गुणून प्रत्येक चौरस मीटरवर ६७२ किलो. माजघर ३ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर. एकूण वजन १२ टनांच्या वर, तेही कोरडे. आणि इथेच तो चौथा भाग माझ्या उपयोगी पडला. ६७२ ला बर्फाच्या २५० ने भागा. उत्तर येते सुमारे २.७ मीटर. म्हणजे माझी आजी वर्षाचे बारा महिने जवळजवळ नऊ फूट दबलेल्या बर्फाखाली झोपत होती. बर्फाच्या देशात निदान उन्हाळा आला की ओझे वितळते. आपले वितळत नाही, उलट पावसाळ्यात भिजून वाढते.

कड्यांचे काय? कडी १० बाय १२ सेंटिमीटरची, अंतर अर्धा मीटर, गाळा ३ मीटर. एका कडीवर मीटरला ३३६ किलो येतात. डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ (दुसऱ्या वर्षाला सगळ्यांनी घोकलेले) केले की मोमेंट ३७८ किलो-मीटर आणि ताण १५८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चांगल्या सागाला साधारण १४० च्या आसपास सुरक्षित धरतात. हेच माती २५ सेंटिमीटर असती तर ताण ९४ आला असता, म्हणजे आजोबांनी बांधले तेव्हा घर बरोबरच होते. त्यात लाकडाचा स्वभाव असा की वजन वर्षानुवर्षे राहिले तर ते हळूहळू वाकतच जाते, वजन वाढले नाही तरीही. शिवाय कडीचे टोक भिंतीत पुरलेले असते. तिथे ओल धरते आणि वाळवी लागते, आणि ते दिसत नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक कडीचे टोक टोचले. बारापैकी चार ठिकाणी तो लोण्यात जावा तसा आत गेला.

जड छताबद्दल बोलताना किल्लारी टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात भूकंप झाला. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित, झोन एकमध्ये होता. आठ-दहा हजार माणसे गेली, बहुतेक झोपेत. घरे अशीच होती, गोट्यांच्या आणि मातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचे माळवद. जमीन हलली की छताला बसणारा धक्का त्याच्या वजनाच्या प्रमाणात असतो. २००२ च्या सुधारित कोडने झोन एक काढूनच टाकला. योगायोग असा की मातीच्या घरांसाठीचा आय.एस. १३८२७ हा कोडही १९९३ चाच. त्यातली मुख्य सूचना अशी, की भिंतींच्या डोक्यावरून चारही बाजूंनी एक सलग पट्टा फिरवा, म्हणजे भिंती एकमेकींना धरून राहतील.

आता पर्याय. घरात दोन पक्ष होते. काकांना स्लॅब हवा होता. चुलतभावाचे लग्न ठरतेय आणि "स्लॅबचं घर" म्हटले की सोयरिकीत वजन पडते. पण स्लॅबचे खरे वजनही बघा ना! १२ सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे ३०० किलो, वर वॉटरप्रूफिंग आणि खाली प्लास्टर मिळून १०० धरा. झाले ४००. पातळ धाब्याएवढेच! आणि ते ठेवणार कशावर? मातीच्या भिंतींवर स्लॅब ठेवणे म्हणजे किल्लारीला बोलावणे. नवे सहा कॉलम हवेत, त्यांचा पाया फुगणाऱ्या काळ्या मातीच्या खालपर्यंत न्यायला हवा. म्हणजे नवे घरच. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण, २०१६ पासून) सपाट प्रदेशात घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार असे केंद्राच्या योजनेचे दर ठरले. बर्फ आणि चढण यांची किंमत सरकारने दहा हजार लावली म्हणायची! पण आम्हाला नवे घर नको होते, छत हवे होते.

दुसरा पर्याय टिनाचा. गावात निम्म्या धाब्यांचे आता टिन झाले आहे. स्वस्त, आठ दिवसांत काम, गळती बंद. आजीचा मात्र ठाम विरोध. "बाई, टिनाखाली उन्हाळ्यात माणूस शिजते." तिचे म्हणणे बरोबर होते. पण टिनाचा दुसरा धोका तिने सांगितला नाही आणि काकांनीही नाही, आणि मला वाटते आपल्याकडे घराघरांत नेमका तोच विसरतात. धाबे आपल्या वजनाने मारू शकते, पण त्याच वजनाने ते जागेवर बसलेलेही असते. छत हलके केले की भांडण गुरुत्वाकर्षणाशी राहत नाही, वाऱ्याशी सुरू होते.

कोडच्या तिसऱ्या भागात (२०१५ ची आवृत्ती) शहरांचे वाऱ्याचे वेग दिले आहेत. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ३९ मीटर प्रति सेकंद. नागपूर ४४. देऊळघाट संभाजीनगरच्या बाजूचे, म्हणून मी ३९ घेतले. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, आला ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर, सुमारे ९० किलो. छताचा उतार, उघडी दारे, कोपरा की मध्य, यावर गुणक बदलतो आणि कडेला ओढ याहून जास्त असते. सोपे म्हणून मी तो १ धरला. ही ओढ वरच्या दिशेने असते! अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे स्वतःचे वजन किती? चौरस मीटरला ४-५ किलो. म्हणजे ९० किलो वर ओढणार आणि ५ किलो खाली धरणार. आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवतात. माजघरापुरते दगड ठेवायचे तर १६०० किलो लागतील. लोक ठेवतात दहा-बारा. मग मे-जूनच्या वादळात पत्रा उडतो आणि दगड घरात पडतात.

गारपिटीचाही विचार करावा लागतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिचे फोटो आठवा. हरभऱ्या-गव्हाची शेते काश्मीरसारखी पांढरी झाली होती. आपल्या नशिबी असलेला बर्फ तो हाच. गारेचा मार तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वजन व्यासाच्या घनाने वाढते आणि पडण्याच्या वेगाचा वर्ग व्यासाच्या प्रमाणात. म्हणजे लिंबाएवढी गार बोराएवढीच्या दुप्पट असली तर मार सोळापट. धाब्याला याचे काही वाटत नाही. सिमेंटचा पत्रा फुटतो. लोखंडी पत्र्याला पोचे पडतात, पण पातळ स्वस्त पत्रा घेतला तर बोल्टच्या भोकापाशी तो फाटतो आणि पुढच्या वादळाला तिथूनच सुरुवात मिळते.

शेवटी आम्ही लेहची युक्ती केली. धाबेही आणि टिनही.

आधी वजन उतरवले. मिस्त्रीचाचा म्हणाले, "बेटी, चढवण्यापेक्षा उतरवायला जास्त अक्कल लागते." प्रत्येक सराखाली टेकू लावले, खोली रिकामी केली आणि माती वीतभर थराने दोन्ही बाजूंनी सारखी काढली. एका बाजूची आधी काढली की दुसऱ्या बाजूचे वजन सांगाड्याला तिरके ओढते. काढलेली माती धाब्यावर ढीग करून ठेवायची नाही, लगेच खाली. चार ट्रॉल्या निघाल्या आणि सगळ्या शेतात गेल्या, कारण पांढरीची माती पिकाला चांगली. बारा माणसे दोन दिवस होती. त्यातली पाच मजुरीची, बाकी शेजारपाजारची. त्यांच्या धाब्यांच्या वेळी काका गेले होते.

मग भिंतींच्या डोक्यावर ४५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच काँक्रीटचा पट्टा ओतला, चार सळया घालून, चारही भिंतींवर सलग. याचे वजन भरते सुमारे ३ टन. वाऱ्याची एकूण ओढ १६०० किलो. म्हणजे टिनाचे पाइप या पट्ट्यात ओतलेल्या बोल्टांना घट्ट बांधले, तर भिंतीची मदत न घेता पट्टाच टिनाला धरून ठेवतो, आणि हलत्या जमिनीत भिंतींनाही. पैसे सगळ्यात जास्त इथेच गेले. काकांनी विचारले, "जे दिसणार नाही त्यावर एवढा खर्च?" काकूच म्हणाल्या, "मागच्या साली गल्लीतला पत्रा नदीपर्यंत गेला होता, विसरले का?" तिथे वाद संपला.

चांगल्या आठ कड्या पुन्हा बसवल्या, चार नव्या घेतल्या. त्यावर किलचन, चटई आणि फक्त ५ सेंटिमीटर माती. हे झाले खालचे छत, चौरस मीटरला ८० किलो. कड्यांवरचा ताण १५८ वरून १९ वर आला. त्यावर हात-दीड हात मोकळी हवा आणि वर उतरते टिन, दोन्ही टोकांना जाळी लावून उघडे. टिन तापते, पण तापलेली हवा जाळीतून निघून जाते आणि खाली मातीचा थर आहेच. टिनाला वरून चुना मारला. पांढरे छत ऊन परत पाठवते, यासाठी तेलंगणाने २०२३ मध्ये चक्क सरकारी धोरण आणले आहे, आपण चुन्याच्या डब्यात भागवले.

पन्हळ मोठी ठेवा, असे मी सांगून आले. गारा वितळण्याआधी तोंडाशी साचल्या की पाणी मागे फिरते आणि छताच्या आत उतरते. बर्फाच्या देशातही छताच्या कडेला बर्फ गोठून हेच होते.

जूनच्या पहिल्या पावसानंतर काकांचा फोन आला. गळले नाही. आवाज मात्र फार होतो म्हणे, धाब्याखाली पाऊस ऐकूच यायचा नाही. आजीची एकच तक्रार होती, की मधले साणे बुजवले, आता सकाळी चुलीपाशी उजेड येत नाही. त्या जागी खालच्या छतात हातभर चौकट ठेवून वर एक पारदर्शक पत्रा बसवायचा ठरले आहे. गणपतीच्या सुट्टीत जाईन तेव्हा बोल्ट मीच आवळणार आहे.